कमांडमागचा काळ : एससीसीएसपासून गिटपर्यंत

सबव्हर्जन आणि गिट ही कोडमध्ये झालेल्या बदलांचा आवृत्तीनुसार इतिहास ठेवणारी साधने. सबव्हर्जनवर बरीच वर्षे काम केलेला माणूस गिटकडे वळला की 'रिव्हर्ट'पाशी हमखास अडखळतो. सबव्हर्जनमध्ये 'एसव्हीएन रिव्हर्ट' आणि पुढे फाइलचे नाव लिहिले की कमिट न केलेले, म्हणजे इतिहासात न नोंदवलेले, बदल पुसले जातात आणि फाइल पूर्ववत होते. 'गिट रिव्हर्ट' मात्र जुना एखादा कमिट उचलते आणि त्याच्या बरोबर उलटे बदल असलेला नवा कमिट इतिहासात जोडते. सबव्हर्जनचा कमिट त्या क्षणी मध्यवर्ती सर्व्हरवर जातो, त्यामुळे तिथे माघार घ्यायची ती फक्त स्वतःच्या प्रतीपुरती. गिटमध्ये तोच कमिट एव्हाना दहा जणांच्या यंत्रांवर पोहोचलेला असू शकतो. तो खोडण्यापेक्षा त्यावर दुरुस्तीची नोंद करणे सुरक्षित. दोन्ही कमांड आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त त्या दोन वेगळ्या काळांत घडल्या. या कमांड नुसत्या पाठ करण्यापेक्षा त्या कोणत्या अडचणीतून निघाल्या हे समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. मग त्या लक्षातही राहतात.

सुरुवात बेल लॅब्जमध्ये झाली. मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये 'सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम', म्हणजे एससीसीएस, आधी आयबीएमच्या मोठ्या संगणकासाठी स्नोबॉल भाषेत लिहिली आणि मग युनिक्ससाठी सी भाषेत नव्याने. तिच्यावरचा त्यांचा शोधनिबंध १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. एससीसीएसच्या मुख्य कमांड तीन : फाइल देखरेखीखाली आणायला 'अॅडमिन', आवृत्ती बाहेर काढायला 'गेट' आणि बदल परत नोंदवायला 'डेल्टा'. नुसते 'गेट' म्हटले तर फाइल फक्त वाचण्यापुरती मिळे. बदल करायचा असेल तर तसे वेगळे सांगावे लागे आणि तशी नोंद होई. सगळ्या आवृत्त्यांच्या ओळी एकाच फाइलमध्ये एकमेकींत विणून ठेवलेल्या असत. कोणती ओळ कधी आली आणि कधी गेली याच्या खुणा सोबतच, त्यामुळे पहिली आवृत्ती काढा की शेवटची, वेळ सारखाच लागे.

वॉल्टर टिची यांना हे पुरेसे वाटले नाही. पर्ड्यू विद्यापीठात त्यांनी १९८२ च्या सुमारास 'रिव्हिजन कंट्रोल सिस्टिम', म्हणजे आरसीएस, तयार केली. लोकांना बहुतेक वेळा ताजी आवृत्तीच हवी असते, हे त्यांनी हेरले. मग ताजी आवृत्ती अख्खी ठेवायची आणि मागे जाण्यासाठी लागणारे फरक तेवढे साठवायचे. हे फरक काढायला युनिक्समध्ये १९७४ पासून असलेली डग मॅकिलरॉय यांची 'डिफ' ही दोन फाइलींमधला फरक दाखवणारी कमांड हाताशी होतीच.

आरसीएसच्या कमांड दोन-दोन अक्षरांच्या : 'सीओ' म्हणजे चेकआउट, 'सीआय' म्हणजे चेक-इन. फाइलवर काम करायचे तर 'सीओ'ला 'एल' हा पर्याय जोडायचा. 'एल' म्हणजे लॉक. ग्रंथालयातून पुस्तक एकाच्या नावावर गेले की दुसऱ्याला थांबावे लागते, तसाच हा व्यवहार. काम संपले की 'सीआय'. तिला 'यू' हा पर्याय जोडला नाही, तर ती बदल नोंदवून कामाच्या फोल्डरमधली फाइल काढून टाकते. आज हे ऐकून दचकायला होते, पण त्या पद्धतीत ते सुसंगत आहे : तुम्ही फाइल जमा केलीत, आता ती तुमच्याकडे असायचे कारण नाही. हवी तर पुन्हा मागा. सगळी रचनाच परवानगीवर उभी होती. कुलूप लावून कोणी रजेवर गेला, तर बाकीच्यांचे काम अडे.

ही कोंडी ॲमस्टरडॅममधल्या फ्राये विद्यापीठात फुटली. तिथे डिक ग्रुने आपल्या दोन विद्यार्थ्यांसह सी भाषेच्या एका कंपायलरवर काम करत होते. तिघांच्या कामाच्या वेळा जुळत नव्हत्या, आणि एकाने लावलेले कुलूप दुसऱ्याने सोडवायचे कधी, हा रोजचा प्रश्न होता. ग्रुने यांनी आरसीएसवर काही शेल स्क्रिप्ट रचल्या. प्रत्येकाने आपली प्रत घ्यायची, हवे तेव्हा बदलायचे आणि नोंदवताना जुळवायचे. या स्क्रिप्टचे पहिले नाव 'सीएमटी' होते, कमिटचेच लघुरूप. जुलै १९८६ मध्ये त्यांनी त्या यूजनेटवर सर्वांसाठी खुल्या केल्या. हीच सीव्हीएस, म्हणजे 'कन्करंट व्हर्जन्स सिस्टिम'. पुढे १९८९ मध्ये ब्रायन बर्लिनर यांनी ती सी भाषेत घडवायला घेतली.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण हेच, गिटपेक्षाही मोठे. कुलूप गेले आणि त्याच्या जागी जुळवणी आली. 'चेकआउट' हा शब्द टिकला, पण आता त्यात कोणाला अडवणे नव्हते. नवी शिस्त आली ती 'अपडेट'ची : कमिट करण्याआधी इतरांचे बदल आपल्या प्रतीत आणा, दोघांनी एकाच ओळीला हात लावला असेल तर स्वतः निर्णय घ्या. अशा वादाच्या जागी फाइलमध्ये कोनचिन्हांची ओळ उमटते, एकापुढे एक सात. ती सीव्हीएस वापरणाऱ्यांनाही दिसत होती आणि आज गिटमध्ये मर्ज, म्हणजे ही जुळवणी, अडकला की तुम्हालाही दिसते.

सीव्हीएसमध्ये उणिवा होत्या. ती प्रत्येक फाइलचा इतिहास सुटा ठेवी, त्यामुळे वीस फाइलींचा कमिट मध्येच तुटला तर दहा आत आणि दहा बाहेर राहत. फाइलचे नाव बदलले की इतिहासाचा धागा तुटे. कोलॅबनेट या कंपनीने २००० मध्ये सबव्हर्जनचे काम सुरू केले ते हे दोष काढण्यासाठी, आणि पहिली पक्की आवृत्ती फेब्रुवारी २००४ मध्ये आली. कमांड जाणूनबुजून सीव्हीएससारख्याच ठेवल्या होत्या, म्हणून लोक सहज वळले.

लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, मात्र निराळाच मार्ग होता. १९९१ पासून दहा वर्षांहून अधिक काळ तिथे बदल फिरत ते ईमेलमधून, पॅचच्या, म्हणजे फरकांच्या यादीच्या, रूपात, आणि ते लावायला लॅरी वॉल यांची १९८५ मधली 'पॅच' कमांड होती. २००२ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी बिटकीपर हे खासगी कंपनीचे सॉफ्टवेअर स्वीकारले. त्यात प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासाची प्रत असे. मोफत वापराला अटी होत्या आणि त्यावरून वाद धुमसत राहिला. अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलू शकणारा स्वतंत्र प्रोग्राम लिहायला घेतला. आपण सुरुवात कशी केली हे त्यांनी २००५ मध्ये एका परिषदेत सर्वांसमोर करून दाखवले : टेलनेटने सर्व्हरला जोडणी केली, 'हेल्प' एवढे टाइप केले आणि सर्व्हरने आपल्या कमांडची यादी समोर ठेवली. पण त्या प्रयत्नांवरून कंपनीने मोफत परवाना मागे घेतला होता.

एप्रिल २००५ च्या पहिल्या आठवड्यात टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतले आणि ७ एप्रिलपासून गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच राहू लागला. त्याच महिन्यात मॅट मॅकॉल यांनी मर्क्युरियल जाहीर केले, त्यामागचे कारणही बिटकीपरचा मोफत परवाना जाणे हेच. गिटच्या त्या पहिल्या रूपात 'कमिट' नावाची कमांडच नव्हती. होते ते सात छोटे प्रोग्राम. बदल नोंदवायचा तर आधी 'अपडेट-कॅश'ने फाइल पुढच्या नोंदीच्या यादीत टाकायची, मग 'राइट-ट्री'ने त्या यादीचे चित्र साठवायचे. ती चाळीस अक्षरांची एक खूण छापे. ती खूण आणि आधीच्या कमिटची खूण 'कमिट-ट्री'ला द्यायची, संदेश टाइप करायचा, आणि मग ती नव्या कमिटची खूण छापे. आजची 'गिट कमिट' याच पायऱ्या आतल्या आत चढते. 'गिट डिफ'ला 'कॅश्ड' हा पर्याय का आहे, हे अनेकांना कोडे वाटते. पुढच्या नोंदीच्या ज्या यादीला आज इंडेक्स किंवा स्टेज म्हणतात तिचे पहिले नाव कॅश होते, एवढेच त्याचे उत्तर. ईमेलचा काळही आत शाबूत आहे : 'गिट ॲम' ही कमांड मेलबॉक्समधले पॅच एकेक करून लावते.

टोरवाल्ड्स यांना पाया घालायचा होता, वापरायला सोप्या कमांड इतरांनी वर रचाव्यात अशी कल्पना होती. जुलै २००५ मध्ये त्यांनी गिटची जबाबदारी जुनिओ हामानो यांच्याकडे सोपवली, आणि गिट माणसांना वापरता येईल असे झाले ते मुख्यतः त्यांच्या चिकाटीच्या देखभालीमुळे. त्यांच्या नावाला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही. २००७ मधल्या १.५ आवृत्तीपासून 'गिट ॲड' नव्या फाइलींसाठी आणि बदललेल्या फाइलींसाठीही चालू लागली. २०१४ च्या २.० आवृत्तीत नुसत्या 'गिट पुश'चा अर्थ आवरला गेला. आधी ती आपल्याकडे आणि सर्व्हरवर समान नाव असलेल्या सगळ्या ब्रँच, म्हणजे कामाच्या वेगवेगळ्या शाखा, पाठवी, आता फक्त चालू ब्रँच जाते.

सर्वांत अवघड गाठ 'गिट चेकआउट'ची होती. पुढे ब्रँचचे नाव दिले तर ती ब्रँच बदलते, फाइलचे नाव दिले तर त्या फाइलमधले तुमचे काम विचारणा न करता पुसते. ऑगस्ट २०१९ मधल्या २.२३ आवृत्तीत ही दोन कामे 'स्विच' आणि 'रिस्टोअर' अशी वेगळी काढण्यात आली. 'चेकआउट' मात्र काढलेली नाही, कारण असंख्य स्क्रिप्ट तिच्यावर चालतात. हाताने टाइप करताना नव्या दोन कमांड वापराव्यात. ब्रँच बदलायला निघालेल्या माणसाच्या हातून 'स्विच' फाइल पुसत नाही.