बांगड्याच्या साठ्याचे मूल्यमापन (गोवा)

समुद्रात एखाद्या जातीचे मासे किती आहेत आणि त्यांची पैदास व वाढ चालू मासेमारीला पुरी पडते की नाही, हे धक्क्यावर आलेल्या माशांवरून ताडण्याची शास्त्रीय पद्धत. हुमण, उडदमेथी आणि रेशाद मसाला भरून तळलेला बांगडा हे गोव्यातले रोजचे जेवण, त्यामुळे येथे हा हिशेब थेट घरापर्यंत पोचतो.

बांगडा (रास्ट्रेलिजर कानागुर्टा) थव्याने फिरतो आणि एका थव्यातले मासे बहुधा एकाच मापाचे असतात. म्हणून मालीमच्या किंवा कुटबणच्या धक्क्यावर एकाच होडीतले शंभर मासे मोजण्यापेक्षा दहा होड्यांतले दहा-दहा मोजणे केव्हाही चांगले. मोजपट्टी बसवलेल्या फळीवर मासा आडवा ठेवतात, तोंडाचे टोक शून्याला टेकवतात आणि शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी वाचतात. मग वजन होते, पोट चिरले जाते. गाबोळी (अंड्यांची पिशवी) बारीक आहे, भरत आली आहे की अंडी टाकून सैल पडली आहे, यावरून विणीचा काळ कळतो. बांगड्याची वीण लांबते, पण तिचा जोर पावसाळ्याच्या आसपास असतो. गोव्यात १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीचा तिला आधार मिळतो.

महिन्यामागून महिने घेतलेल्या लांब्या एकाखाली एक मांडल्या की पिलांचा एखादा गट मोठा होत सरकताना दिसतो. त्यावरून वाढीचा वेग निघतो. उष्ण समुद्रातल्या माशांच्या कानातील खड्यावर वर्षाची वलये स्पष्ट उमटत नाहीत, त्यामुळे वय काढण्याचा हाच मार्ग अधिक वापरात आहे. पुढे एकूण मरणाचे प्रमाण काढून त्यातला किती वाटा जाळ्याचा, हे पाहतात. हा वाटा निम्म्याच्या वर गेला की साठ्यावर ताण आहे, असा ढोबळ अंदाज १९७१ पासून वापरात आहे. थोडे जगणाऱ्या, झपाट्याने वाढणाऱ्या माशाला तो आंधळेपणाने लावू नये.

सर्वांत फसवा आकडा म्हणजे एका फेरीत मिळालेली मासळी. साठा घटला तरी उरलेले बांगडे थवे करूनच राहतात. पर्ससीनवाल्याला (थव्याला घेरणारे मोठे जाळे वापरणाऱ्याला) सोनारवर, म्हणजे ध्वनिलहरींनी मासे शोधणाऱ्या यंत्रावर, थवा सापडला की जाळे पूर्वीसारखेच भरते. किनाऱ्यावरून ओढली जाणारी रापण मात्र थव्याच्या मागे जाऊ शकत नाही. थवा काठाला आला तरच तिला मासळी मिळते. म्हणून रापणकार 'मासळी कमी झाली' म्हणतो तेव्हा त्याच्या बोलण्याची नोंद झालीच पाहिजे. अर्थात तेही एकटे पुरेसे नाही. प्रवाह बदलले, पाणी तापले, तर थवे नुसते खोल पाण्यातही जातात.

दुसरी अडचण हद्दीची. बांगड्याचा साठा गोव्यापुरता नाही. रत्नागिरी, मालवण, कारवार, मलपे येथील होड्या जवळपास त्याच माशावर जगतात. कोचीस्थित केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था किनारपट्टीवरच्या धक्क्यांवरून ठरावीक दिवशी नमुने घेऊन राज्यवार उत्पादनाचा अंदाज काढते. साठ्याचा हिशेब मात्र राज्यांच्या सीमा ओलांडूनच मांडावा लागतो. पोटात गाबोळी धरायच्या आतच विकल्या जाणाऱ्या लहान बांगड्यांची टोपली त्यात वेगळी नोंदवावी लागते, कारण पुढच्या हंगामातली वीण किती असेल याचा सुगावा तिथेच आधी लागतो.