फ्रंटिअरवरच्या माणसाचं घराणं जुन्या सरकारी कागदांतून शोधणं

अमेरिकेत अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जी माणसं पूर्वेकडची वस्ती सोडून पश्चिमेला जंगलात, गवताळ रानात जाऊन राहिली त्यांना सेटलर म्हणतात आणि वस्तीची ती पुढे पुढे सरकणारी कड म्हणजे फ्रंटिअर. या माणसांचे आईबाप, बायकामुलं, गावं हे सगळं जमिनीची खतं, टॅक्सच्या याद्या, लग्नाचे बॉन्ड, मृत्युपत्रं, कोर्टाची दप्तरं आणि जनगणना यातून जुळवत नेणं म्हणजे त्यांचं घराणं शोधणं. तिकडे हा छंद पण आहे आणि धंदा पण आहे.

पहिली गोष्ट लक्षात घ्यायची ती ही की यातला जवळपास एकही कागद वंशावळीसाठी केलेला नाही. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरचे उपाध्ये यजमानांच्या पिढ्या वहीत मुद्दाम लिहून ठेवतात, तसलं काही तिथे नव्हतं. सरकारला टॅक्स हवा होता, सावकाराला पैसे हवे होते, शेजाऱ्याला बांध पक्का करून हवा होता, त्या भानगडीत आजोबांचं नाव कागदावर आलं इतकंच. त्यामुळे शोधणाऱ्याने माणसाच्या मागे लागण्यापेक्षा त्याच्या जमिनीच्या मागे लागावं, माणूस खोटं बोलतो, विसरतो, मरतो, जमीन तिथेच असते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे अब्राहम लिंकनचं घराणं. प्रेसिडेंट म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे पण घराणं अगदी साधं सेटलरचं, पिढ्यानपिढ्या पश्चिमेला सरकत गेलेलं, आणि गंमत म्हणजे खुद्द लिंकनला ते नीट माहीत नव्हतं. 1848 मध्ये तो काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, मेंबर असताना त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅमच्या आणि व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काऊंटीच्या (काऊंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखं समजा) लिंकन आडनावाच्या लोकांना पत्रं पाठवून विचारपूस केली होती, पण हाताला फारसं काही लागलं नाही. पुढे त्याने लिहून ठेवलंय की न्यू इंग्लंडच्या (म्हणजे मॅसॅच्युसेट्स वगैरे ईशान्येकडच्या राज्यांतल्या) लिंकन लोकांशी नातं जोडायचा प्रयत्न झाला पण मॉर्डेकाय, अब्राहम, सॉलोमन अशी नावं दोन्हीकडे सारखी आहेत यापलीकडे काही निष्पन्न झालं नाही. नातं खरंच होतं, ते नंतर कागदांनीच सिद्ध केलं, ते खाली येईल.

आजोबा कधी मारला गेला

लिंकनच्या आजोबाचं नाव पण अब्राहमच, लोक कॅप्टन अब्राहम म्हणतात. घरात सांगत आलेली गोष्ट अशी की तो 1781-82 च्या आसपास व्हर्जिनियातून केंटकीत आला आणि वर्ष-दोन वर्षांत शेतावर काम करताना इंडियन लोकांनी, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी, त्याला मारलं, थोरला मुलगा मॉर्डेकाय याने घरात पळत जाऊन बंदूक काढली आणि मारेकऱ्याला टिपलं, आणि धाकटा थॉमस, म्हणजे प्रेसिडेंटचा बाप, वाचला. ही गोष्ट लिंकन लहानपणापासून ऐकत आला होता. आता कागद बघा. जेफर्सन काऊंटीत लाँग रन नावाच्या ओढ्यावर 400 एकरांची मोजणी झाली त्या कागदावर तारीख आहे 7 मे 1785, आणि त्यावर खुणा करणारा माणूस म्हणून अब्राहम स्वतः हजर आहे. म्हणजे घरच्या हिशोबाने जो मेला होता तो मे 1785 ला आपल्याच जमिनीच्या झाडांवर कुऱ्हाडीने खुणा करत फिरत होता. मृत्यू 1786 चा धरतात तो यामुळे. आणि त्याच एका कागदावर मोजणीची साखळी धरणाऱ्यांचं आडनाव लिंकन असं आहे आणि त्याचं स्वतःचं लिंकहॉर्न! क्लर्कने जे कानावर पडलं ते लिहिलं. आडनावाचं एकच स्पेलिंग धरून शोधत बसणारा माणूस इथेच अडकतो.

तो मेला जेफर्सन काऊंटीत पण त्याच्या मालमत्तेची यादी सापडते नेल्सन काऊंटीच्या दप्तरात, कारण विधवा बाथशीबा मुलं घेऊन तिकडे राहायला गेली. त्या यादीत घोडे, गाई, बंदूक, शेतीची अवजारं, जस्ताच्या रंगाची प्यूटरची भांडी असं सगळं आहे. प्रोबेटची, म्हणजे मेलेल्याच्या मालमत्तेसाठी कोर्टात होणाऱ्या कामाची, अशी यादी वाचताना घर डोळ्यासमोर येतं, जे कुठल्याही जन्मदाखल्यातून येत नाही.

जमिनीचं काय झालं हे समजायला कायदा माहीत हवा. केंटकी 1792 पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग होता आणि तिथे मृत्युपत्र नसेल तर जमीन सगळी थोरल्या मुलाला जायची. हा नियम रद्द करणारा कायदा 1785 मध्ये झाला होता पण लागू झाला 1 जानेवारी 1787 पासून. आजोबा मेला 1786 मध्ये. काही महिन्यांचा फरक, आणि तेवढ्यामुळे सगळं मॉर्डेकायला मिळालं, थॉमसच्या वाट्याला काही आलं नाही, तो दुसऱ्यांच्या शेतावर मजुरी करत मोठा झाला, शाळेचं नाव नाही. कोणी कुठल्या वर्षी मेला यावर पुढच्या पिढीची गरिबी ठरते, म्हणून तारखेचा एवढा कीस काढायचा असतो.

काऊंटीची हद्द

अमेरिकेत लग्न, जमीन, मृत्युपत्र हे सगळं साधारणपणे काऊंटीच्या कोर्टहाऊसमध्ये नोंदवतात, आणि वस्ती वाढली की काऊंटी तोडून नव्या काऊंट्या करतात. मात्र जुने कागद जुन्याच काऊंटीत राहतात. सेटलर शोधणारे नव्वद टक्के वेळा इथेच ठेचकाळतात असं म्हटलं तरी चालेल (आकडा माझा, मोजलेला नाही). 1780 मध्ये केंटकीत तीनच काऊंट्या होत्या, जेफर्सन, फायेट आणि लिंकन, यातल्या लिंकन काऊंटीचा या घराण्याशी काही संबंध नाही, ती एका जनरलच्या नावाने आहे. जेफर्सनमधून नेल्सन निघाली, नेल्सनमधून वॉशिंग्टन आणि हार्डिन, हार्डिनमधून 1843 मध्ये लारू. प्रेसिडेंट जन्मला 1809 मध्ये हार्डिन काऊंटीत, ती जागा आज लारू काऊंटीत आहे. घर जागचं हललं नाही, रेषा हलली.

लग्नाचं प्रकरण तर प्रसिद्ध आहे. प्रेसिडेंटचे आईबाप थॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स यांचं लग्न झालंच नव्हतं अशी कुजबुज लिंकन मोठा झाल्यावर बरीच पसरली, विरोधकांनी ती चवीने चघळली. हार्डिन काऊंटीच्या दप्तरात लोकांनी शोधलं, कारण कुटुंब तिथे राहायचं, आणि नोंद मिळेना. मग झालं, अफवा खरीच असं बोलायला लोक मोकळे. प्रत्यक्षात लग्न नवरीकडच्या गावी झालं होतं, वॉशिंग्टन काऊंटीत, 12 जून 1806 ला. 1870 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कोर्टहाऊसमध्ये कागद सापडले: 10 जूनचा 50 पौंडांचा बॉन्ड, त्यावर थॉमसची सही आणि रिचर्ड बेरी याची पालक म्हणून सही, शिवाय जेसी हेड या मेथडिस्ट पाद्र्याने लावलेल्या लग्नांची जी यादी कोर्टात दिली तिच्यातही हे नाव. लिंकन तोवर गेलेला होता. लग्न नवरीच्या गावी होतं ही गोष्ट आपल्याकडे कुठल्याही मावशीने सांगितली असती!

बॉन्ड म्हणजे लग्न नव्हे हेही लक्षात ठेवायचं. लग्नाला कायदेशीर अडचण नाही, असली तर एवढे पैसे भरीन, अशी ती हमी असते. बॉन्ड झाला आणि लग्न मोडलं असंही व्हायचं, म्हणून पाद्र्याची यादी मिळणं महत्त्वाचं.

जमीन

केंटकीत मोजणी चतुःसीमेने व्हायची. अमक्या ओढ्याच्या तोंडाशी असलेल्या पांढऱ्या ओकपासून इतके पोल पूर्वेला दोन बीच झाडांपर्यंत, असं, एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. झाड पडलं, ओढ्याने पात्र बदललं की संपलं. वर आधी जमीन धरायची आणि मोजणी नंतर, त्यामुळे एकाच जागेवर तीन-तीन दावे कौलांसारखे एकावर एक चढलेले असायचे. थॉमसने 1803 मध्ये मिल क्रीकवर 238 एकर 118 पौंडांना घेतले आणि 1814 मध्ये 200 एकर म्हणून 100 पौंडांना विकले, तुकड्याच्या मापातच घोळ होता. 1808 मध्ये सिंकिंग स्प्रिंगची जागा 200 डॉलरला घेतली, तिच्यावर वाद कोर्टात गेला, तीही हातची गेली. पुढे नॉब क्रीकवरूनही उठवायचा दावा लागला. लिंकनने नंतर लिहिलं की बाप केंटकी सोडून गेला तो थोडा गुलामगिरीमुळे पण मुख्यतः जमिनीच्या टायटलच्या भानगडींमुळे. बिचाऱ्याला आळशी, काही जमलं नाही असं म्हणणारे पुष्कळ आहेत, पण खतं आणि दावे एकापुढे एक ठेवले की दिसतं, पैसे मोजून जमीन घेणारा माणूस होता, नाडला तो व्यवस्थेने.

1816 च्या डिसेंबरात तो इंडियानात गेला आणि तिथे चित्रच वेगळं. ओहायो नदीपलीकडची जमीन केंद्र सरकारने 1785 च्या ठरावाप्रमाणे आधी मोजून चौकटी पाडल्या होत्या, सहा मैल बाय सहा मैलांची टाऊनशिप, तिच्यात 36 सेक्शन, प्रत्येक 640 एकरांचा. थॉमसने ऑक्टोबर 1817 मध्ये व्हिन्सेन्सच्या लँड ऑफिसात जाऊन सेक्शन 32 चा नैऋत्येचा चौथा हिस्सा, टाऊनशिप 4 दक्षिण, रेंज 5 पश्चिम, असे 160 एकर नोंदवले, एकरी 2 डॉलर, हप्त्याने. ना ओक ना बीच, गट नंबरासारखा आकडा. सगळे हप्ते झेपले नाहीत, मग निम्मी जमीन सरकारला परत करून भरलेले पैसे उरलेल्या 80 एकरांवर वळवले आणि त्याचं पेटंट म्हणजे सरकारी मालकीपत्र 1827 मध्ये निघालं. अशी लाखो पेटंटं आता सरकारच्या साइटवर फुकट बघता येतात.

मागे जायचं तर

वर म्हटलेलं न्यू इंग्लंडचं नातं जुळलं तेही जमिनीनेच. सॅम्युएल लिंकन 1637 मध्ये इंग्लंडहून हिंगहॅमला आला, त्याचा मुलगा मॉर्डेकाय, त्याचा मुलगा परत मॉर्डेकाय, तो आधी न्यू जर्सीत आणि मग पेनसिल्व्हेनियात गेला आणि 1736 मध्ये वारला. मृत्युपत्रात त्याने न्यू जर्सीतली जमीन जॉन या मुलाला दिली. 1748 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका विणकर जॉनने न्यू जर्सीतले 300 एकर विकले आणि खतात स्वतःला मॉर्डेकायचा मुलगा आणि वारस म्हटलं. हाच जॉन नंतर व्हर्जिनियात गेला, कॅप्टन अब्राहम त्याचा मुलगा. प्रेसिडेंटपर्यंतची साखळी पूर्ण. नुसत्या सारख्या नावांवर ही साखळी जोडली असती तर चुकायची भीती होती, कारण त्या घरात मॉर्डेकाय, अब्राहम आणि थॉमस ही नावं परत परत येतात, कॅप्टन अब्राहमचा थॉमस नावाचा भाऊही केंटकीतच फायेट काऊंटीत राहत होता. दोन थॉमसांचं टॅक्स एकाच्या नावावर चढवलं की पुढचं सगळं झाड वाकडं.

जनगणना 1790 पासून दर दहा वर्षांनी आहे पण सेटलरच्या कामाला ती उशिरा येते. केंटकीचे 1790 आणि 1800 चे तक्ते हरवलेत, तिथे दरवर्षीच्या टॅक्स लिस्टवर भागवावं लागतं, त्यात 21 च्या वरचे गोरे पुरुष, घोडे, एकर आणि जवळचा ओढा असतो, पोरगं यादीत पहिल्यांदा दिसलं की ते एकवीसचं झालं असं धरतात. 1840 पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी घर नुसत्या आकड्यांत, 1850 पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव (गुलाम सोडून). 1890 ची जवळपास सगळी 1921 च्या आगीत आणि नंतरच्या विल्हेवाटीत गेली.

त्यामानाने 1862 नंतरचे सेटलर भाग्यवान. होमस्टेड कायद्यावर सही लिंकननेच केली, 20 मे 1862, 160 एकर जवळपास फुकट, अट पाच वर्षं राहून कसायची. पहिल्या दावेदारांतला डॅनियल फ्रीमन याने 1 जानेवारी 1863 ला नेब्रास्कात नोंद केली. पाच वर्षांनी पुरावा द्यायला घर केवढं, विहीर आहे का, किती एकर नांगरले, घरात माणसं किती हे साक्षीदारांसकट लिहून द्यावं लागे, परदेशातून आलेल्याला नागरिकत्वाचे कागद जोडावे लागत. एकेका फाइलीत अख्खा संसार सापडतो. ज्याने अर्ध्यातच सोडून दिलं त्याचीही फाइल असते, आणि बऱ्याचदा पेटंट मिळालेल्यापेक्षा ती जास्त बोलकी.

कोण सापडत नाही

थॉमसची इंडियानातली ती चौकट 1804 च्या तहांत डेलावेअर आणि पियांकशॉ या इंडियन जमातींकडून सरकारने घेतलेल्या मुलखातली. लँड ऑफिसच्या पुस्तकात आधीच्या मालकाचा रकानाच नाही, पुस्तक सरकारपासून सुरू होतं. फ्रंटिअरवर मालकांबरोबर आणलेल्या गुलामांचं तर 1850 आणि 1860 च्या वेगळ्या तक्त्यांतही वय, रंग आणि मालकाचं नाव आहे, स्वतःचं नाव साधारणपणे नाहीच. त्यांचे वंशज 1870 च्या जनगणनेपर्यंत मागे जातात आणि तिथे भिंत लागते, मग मालकाच्या मृत्युपत्रात आणि मालमत्तेच्या यादीत गाईघोड्यांच्या ओळींमध्ये नाव शोधावं लागतं.

बायका पण अशाच निसटतात, जमीन नवऱ्याच्या नावावर, टॅक्स नवऱ्याच्या नावावर. मात्र जमीन विकताना बायकोचा हक्क सोडवून घ्यावा लागे, म्हणून खतात तिचं नाव येतं. कॅप्टन अब्राहमच्या बायकोबद्दल लोक वर्षानुवर्षं भांडले, कुणी मेरी शिप्ली म्हणायचं, कुणी दोन लग्नं म्हणायचं, पण व्हर्जिनियातली जमीन विकली त्या खतात नाव आहे बर्शेबा, म्हणजे बाथशीबा. नॅन्सी हँक्सच्या बाबतीत असा कागद कुठेच नाही. ती ल्यूसी हँक्सची मुलगी हे 2015 मध्ये आईकडून उतरणाऱ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या तपासणीतून पुढे आलं. ही तपासणी आईच्या बाजूचंच सांगते, त्यामुळे वंशावळीत नॅन्सीच्या बापाच्या चौकटीत आजही कुणाचं नाव पुराव्याने लिहिता येत नाही.