खनिज तेलाची उतरण : एका इशाऱ्याची सत्तर वर्षांची पार्श्वभूमी

खनिज तेल एक दिवस संपणार, हे वाक्य शाळेतल्या भूगोलाच्या तासापासून आपल्या कानावर पडत आले आहे. मात्र तेल संपणे आणि तेलाचे उत्पादन उतरणीला लागणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयावरील लोकजागृतीचा इतिहास म्हणजे बव्हंशी हा फरक लोकांच्या गळी उतरवण्याच्या धडपडीचा इतिहास आहे. तेलक्षेत्रातील विहिरी एकाएकी कोरड्या पडत नाहीत. सुरुवातीला भूगर्भातील दाबामुळे तेल आपसूक वर येते. दाब ओसरू लागला की पाणी किंवा वायू आत सोडून तो टिकवावा लागतो. पुढे तेलाबरोबर पाणीच अधिकाधिक येऊ लागते आणि खडकात बरेच तेल शिल्लक असतानाही रोजचे उत्पादन घटत जाते. एका क्षेत्राचे जे होते तेच देशाचे आणि अखेर जगाचे होणार, या विचाराला इंग्रजीत ‘पीक ऑइल’ असे नाव पडले. मराठी कानाला ‘पीक’ म्हटले की शेत आठवते, म्हणजे जे दरसाल नव्याने येते ते. इंग्रजी ‘पीक’ म्हणजे शिखर, ज्यानंतर उतरणच असते; येथे अर्थ नेमका शेताच्या उलट असल्यामुळे या टिपणात ‘उच्चांक’ हा शब्द वापरला आहे.

ज्या इशाऱ्यापासून ही सत्तर वर्षे मोजली आहेत तो १९५६ चा; पण इशारे त्याआधीही दिले गेले होते. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतील तज्ज्ञांनीच देशातील तेल लवकर आटेल अशी भीती व्यक्त केली होती. पण १९३० मध्ये पूर्व टेक्सासचे अवाढव्य क्षेत्र सापडले आणि वर्षभरात तेथे पिंपाचा (बॅरलचा) भाव दहा सेंटांपर्यंत कोसळला. तेव्हापासून तेलाच्या तुटवड्याविषयी बोलणाऱ्याकडे ‘लांडगा आला रे’ म्हणून ओरडणारा, याच नजरेने पाहिले जाऊ लागले.

या पार्श्वभूमीवर ८ मार्च १९५६ रोजी टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे, अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या बैठकीत, मॅरियन किंग हबर्ट यांनी आपला निबंध वाचला. हबर्ट हे शेल कंपनीच्या ह्यूस्टन येथील प्रयोगशाळेतले भूगर्भशास्त्रज्ञ होते. भाषण सुरू होण्याच्या थोडे आधी कंपनीच्या मुख्यालयातून दूरध्वनी आला आणि खळबळ माजवणारा भाग गाळावा अशी सूचना झाली, ही हकीकत त्यांनी पुढे स्वतःच सांगितली. भाग त्यांनी गाळला नाही. त्यांची रीत साधी होती. वर्ष आडव्या अक्षावर आणि उत्पादन उभ्या अक्षावर मांडले, तर आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे आजवर निघालेले आणि पुढे निघणारे सगळे तेल. एकूण किती निघेल याचा अंदाज एकदा ठरवला की घंटेच्या आकाराच्या त्या रेषेला मनमानेल तितके उंच जाता येत नाही. अमेरिकेतून एकूण १५० अब्ज पिंपे निघतील असे मानल्यास उच्चांक १९६५ च्या सुमारास, आणि २०० अब्ज मानल्यास १९७० च्या सुमारास येईल, असे त्यांनी मांडले. त्या वेळी अमेरिका हा जगातला सर्वांत मोठा उत्पादक देश होता, आणि अवघ्या पंधरा वर्षांत त्याची उतरण सुरू होईल हे सभेतल्या फारच थोड्यांना पटले.

१९७० मध्ये अमेरिकेचे उत्पादन दिवसाला सुमारे ९६ लाख पिंपांवर पोहोचले आणि त्यानंतर घसरू लागले. हा उच्चांक होता हे त्या वर्षी कोणी छातीठोकपणे सांगू शकले नाही. धुक्यात घाट चढणाऱ्याला माथा नेमका कुठे होता हे उतार लागल्यावरच कळते, तसेच येथे झाले. आणि लोकांना वेळेआधी सावध करू पाहणाऱ्या प्रत्येकाची खरी अडचण हीच राहिली आहे. हबर्ट यांचे नाव मात्र या एका अंदाजामुळे अजरामर झाले. त्याच निबंधात त्यांनी जगासाठी १,२५० अब्ज पिंपे धरून २००० च्या सुमारास वर्षाला साधारण साडेबारा अब्ज पिंपांचा उच्चांक दाखवला होता, हे त्यांच्या चाहत्यांकडून सहसा सांगितले जात नाही. २००० मध्ये जगाचे प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या दुपटीहून अधिक होते. आणखी एक बाब अशी की निबंधाचे शीर्षक ‘अणुऊर्जा आणि जीवाश्म इंधने’ असे होते. तेलाची जागा अणुऊर्जा घेईल, असा त्यांचा विश्वास होता. सर्वनाशाची भाकिते करणारा द्रष्टा ही प्रतिमा त्यांच्यावर नंतरच्यांनी चढवली.

सामान्य माणसापर्यंत हा विषय पोहोचला तो आलेखांतून नव्हे, तर पंपावरच्या रांगांतून. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी तेलपुरवठा रोखला आणि पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला भाव १९७४ च्या आरंभी १२ डॉलरच्या घरात गेला. नेदरलँड्समध्ये रविवारी मोटारी रस्त्यावर आणण्यास बंदी झाली, अमेरिकेत महामार्गांवर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली, आणि १९७४ मध्ये श्रीमंत देशांनी पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन करून राखीव साठे ठेवण्याचे परस्परांना बंधन घातले. दिल्लीत नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेवर आले. ही टंचाई राजकीय निर्णयातून आलेली होती, भूगर्भातील तेल आटल्यामुळे नव्हे. तरीही अमेरिकेचे स्वतःचे उत्पादन तीन वर्षांपूर्वीच उतरणीला लागले नसते, तर अरब देशांच्या बंदीला इतकी धार आली नसती; हबर्ट यांचा आलेख आणि पंपावरची रांग यांचे नाते एवढेच होते, आणि ते लोकांना नीट उलगडून सांगितले गेले नाही.

भारतात जागृतीचे काम सरकारी चाकोरीतून उभे राहिले. १९७६ मध्ये पेट्रोलियम बचतीसाठी एक कृतिगट नेमला गेला आणि १९७८ मध्ये त्यातून पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था, म्हणजे पी.सी.आर.ए., अस्तित्वात आली. इंडियन ऑइलने विकसित केलेला ‘नूतन’ हा वातींचा स्टोव्ह याच काळातला. रेशनच्या दुकानापुढे कॅन घेऊन रॉकेलसाठी तिष्ठणाऱ्या घरांना जगाच्या उत्पादनाचा उच्चांक समजावून सांगण्यापेक्षा त्याच रॉकेलमध्ये स्वयंपाक अधिक वेळ चालेल असा स्टोव्ह हाती देणे, ही जागृतीची सर्वांत शहाणी रीत होती असे प्रस्तुत लेखकाला वाटते. टायरमध्ये हवा पुरेशी ठेवा, सिग्नलला इंजिन बंद करा, ही वाक्ये तेव्हापासून पेट्रोलपंपांच्या फलकांवर आहेत. त्यांत ‘पैसे वाचवा’ हा भाग ठळक असतो. तेल का वाचवायचे याचे भूगर्भशास्त्रीय कारण त्या फलकांवर क्वचितच आढळते.

अमेरिकेत ते कारण थेट राष्ट्राध्यक्षांनीच सांगून पाहिले. फेब्रुवारी १९७७ मध्ये जिमी कार्टर लोकरी कार्डिगन घालून शेकोटीशेजारी बसले आणि दूरचित्रवाणीवरून त्यांनी लोकांना घराचे तापमान दिवसा ६५ आणि रात्री ५५ अंश फॅरनहाइटवर ठेवण्याची विनंती केली. १८ एप्रिलच्या भाषणात त्यांनी या प्रयत्नाला युद्धाची नैतिक बरोबरी (‘मॉरल इक्विव्हॅलंट ऑफ वॉर’) दिली, आणि मागणी अशीच वाढली तर जगातील सिद्ध साठे पुढच्या दशकाच्या अखेरीस संपू शकतील, असेही बजावले. त्या इंग्रजी शब्दप्रयोगाच्या आद्याक्षरांतून ‘म्याऊ’ असा शब्द होतो हे विरोधकांच्या लगेच ध्यानात आले आणि योजनेची थट्टा सुरू झाली. थट्टेपेक्षा मोठे नुकसान त्या मुदतीने केले. १९७९ मध्ये इराणच्या क्रांतीनंतर भाव पुन्हा भडकले, तेव्हा कार्टर खरे ठरत आहेत असे वाटले. पण भडकलेल्या भावामुळेच अलास्का आणि उत्तर समुद्रातील महागडे तेल परवडू लागले, मोटारी कमी इंधनात धावू लागल्या, मागणी घटली आणि १९८६ मध्ये भाव दहा डॉलरच्या आसपास आपटला. त्याच वर्षी, रेगन यांच्या कारकीर्दीत, कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छपरावर बसवलेली सौर उपकरणे छपराच्या दुरुस्तीच्या वेळी काढली गेली आणि परत लावली गेली नाहीत.

पुढची दहा-बारा वर्षे विषय थंड राहिला. तो पुन्हा पेटवला निवृत्त तेलतज्ज्ञांनी. मार्च १९९८ मध्ये, भाव अत्यंत पडलेले असताना, कॉलिन कॅम्पबेल आणि जाँ लाहेरेर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये स्वस्त तेलाचे युग संपत आल्याचे लिहिले. दोघांचीही हयात तेलकंपन्यांत गेली होती, त्यामुळे बाहेरच्या माणसाची ओरड म्हणून त्यांना झटकता येत नव्हते. नव्या साठ्यांचा शोध १९६० च्या दशकातच कळसाला पोहोचला होता, आणि १९८० च्या दशकापासून जग जितके तेल शोधत होते त्याहून अधिक जाळत होते, हा त्यांच्या मांडणीचा कणा होता. ‘ओपेक’ या तेलनिर्यातदारांच्या संघटनेतील देशांनी १९८० च्या दशकात, उत्पादनाचा वाटा साठ्यांवर ठरण्याची चर्चा असताना, नवे काही विशेष न सापडताही आपल्या साठ्यांचे आकडे फुगवले, याकडेही त्यांनी बोट दाखवले. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातील बॅलिडहॉब या खेड्यात राहणारे कॅम्पबेल बिअरच्या ग्लासाचा दाखला देत: ग्लास भरलेला असतो, रिकामा होतो, आणि जितक्या भराभर प्यावे तितका लवकर संपतो. दाखला झकास आहे. वादाचा मुद्दा ग्लास केवढा हाच होता, एवढे त्यातून निसटते.

कॅम्पबेल यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘अ‍ॅस्पो’ या अभ्यासकांच्या संघटनेची पहिली परिषद २००२ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे भरली. २००४ नंतर भाव चढत गेले तशी या परिषदांची गर्दी वाढली. मेक्सिकोच्या कांतारेल क्षेत्राची कथा तेथे पुन्हा पुन्हा सांगितली जाई: जाळ्यांना तेल लागते अशी तक्रार करणाऱ्या कोळ्याच्या नावाने ओळखले जाणारे हे क्षेत्र २००४ मध्ये दिवसाला एकवीस लाख पिंपे देत होते, आणि पाच-सहा वर्षांत त्याच्या एक तृतीयांशापेक्षाही खाली आले. फेब्रुवारी २००५ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्यासाठी रॉबर्ट हर्श आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या अहवालात उच्चांकाची तारीख सांगण्याच्या भानगडीत न पडता वेगळा प्रश्न विचारला गेला: तयारीला किती वेळ लागेल? उत्तर होते, उच्चांकापूर्वी वीस वर्षे. या साऱ्या साहित्यातला हा सर्वांत टिकाऊ मुद्दा आहे. त्याच सुमारास आयर्लंडमधील किन्सेल येथे रॉब हॉपकिन्स यांच्या विद्यार्थ्यांनी गावाने तेलावरचे अवलंबन टप्प्याटप्प्याने कसे घटवावे याचा आराखडा केला, आणि याच विचारातून २००६ मध्ये इंग्लंडच्या टॉटनेसमधून ‘संक्रमण नगरां’ची चळवळ सुरू झाली.

दुसऱ्या टोकाला तारखा सांगण्याची चढाओढ होती. प्रिन्स्टनचे प्राध्यापक केनेथ डेफाइज यांनी उच्चांकासाठी २००५ च्या थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाचा दिवसच नक्की करून टाकला. ह्यूस्टनचे गुंतवणूकतज्ज्ञ मॅथ्यू सिमन्स यांनी २०१० मध्ये तेल २०० डॉलरच्या वर असेल अशी पाच हजार डॉलरची पैज पत्रकार जॉन टियर्नी यांच्याशी लावली आणि ती हरली गेली. जुलै २००८ मध्ये भाव १४७ डॉलरला टेकला तेव्हा भाकीतकार जिंकल्यासारखे दिसत होते; वर्ष संपता संपता मंदीने तो चाळिशीच्या आसपास आणला. गंमत अशी, की २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने आपल्या वार्षिक अहवालात पारंपरिक, म्हणजे नेहमीच्या विहिरींतून निघणाऱ्या, कच्च्या तेलाचा उच्चांक २००६ मध्ये, दिवसाला सुमारे सात कोटी पिंपांवर, येऊन गेल्याचे नमूद केले. म्हणजे कॅम्पबेल यांचा मुख्य मुद्दा अधिकृतपणे मान्य झाला होता, पण तोवर ऐकणारे पांगू लागले होते.

त्यांना पांगवले ते शेल नावाच्या घट्ट खडकातल्या तेलाने; शेल कंपनीशी या नावाचा संबंध नाही. आडवी विहीर खणून, दाबाने पाणी व वाळू सोडून खडक फोडण्याचे तंत्र चढ्या भावामुळे परवडू लागले, आणि २००८ मध्ये दिवसाला पन्नास लाख पिंपांपर्यंत घसरलेले अमेरिकेचे उत्पादन २०१७ च्या अखेरीस १९७० चा विक्रम ओलांडून २०२३ मध्ये एक कोटी तीस लाखांच्या घरात गेले. हबर्टच्या घंटेला दुसरे शिखर फुटले. अशा विहिरीचे उत्पादन पहिल्याच वर्षी निम्म्याहून खाली येऊ शकते आणि त्यामुळे सतत नव्या विहिरी खणत राहावे लागते, हे खरे असले तरी भाषणात सांगायला ते अवघड आणि बातमीत छापायला नीरस आहे. २० एप्रिल २०२० रोजी करोनाच्या टाळेबंदीत अमेरिकी तेलाचा वायदा शून्याखाली ३७ डॉलरपर्यंत गेल्यावर तर टंचाईची भाषाच हास्यास्पद वाटू लागली, आणि चर्चा पुरवठ्याच्या उच्चांकाकडून मागणीच्या उच्चांकाकडे वळली.

भारतापुरता पाहिल्यास आलेख बराच स्पष्ट आहे. समुद्रात विहिरी खणणाऱ्या ‘सागर सम्राट’ या फलाटाने १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात शोधलेल्या बॉम्बे हाय (आताचे मुंबई हाय) या क्षेत्रातून मे १९७६ मध्ये तेल येऊ लागले, या क्षेत्राने आपला उच्चांक १९८० च्या दशकात गाठला आणि त्यानंतर फेरविकासाच्या योजनांवर त्याचे उत्पादन सावरून धरले जात आहे. देशाचे कच्च्या तेलाचे उत्पादन २०११-१२ मध्ये सुमारे ३८० लाख टन होते, ते २०२३-२४ मध्ये २९४ लाख टनांवर आले, आणि त्या वर्षी गरजेच्या सुमारे ८८ टक्के तेल आयात करावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायचे घटते उत्पादन वाढवण्यासाठी ओएनजीसी या सरकारी तेलकंपनीने बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली.