लघवीत रक्त: आयजीए की अल्पोर्ट?

मुलाचा घसा धरला आणि एक-दोन दिवसांत लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, की पहिला संशय आयजीए नेफ्रोपॅथीचा येतो. तो रास्तच आहे, कारण हा आजार तुलनेने बराच आढळतो. पण दुर्मिळ असलेल्या अल्पोर्ट सिंड्रोममध्येही असंच होतं. नुसत्या लघवीच्या रिपोर्टवर दोघांची फारकत होत नाही.

आयजीएमध्ये किडनीची गाळणी मुळात धड असते. आयजीए नावाची प्रतिपिंडं तिच्यात साचतात आणि सूज येते. झाँ बर्जे यांनी हे १९६८ मध्ये दाखवलं. अल्पोर्टमध्ये गाळणीचा पडदाच जन्मापासून कच्चा, कारण त्यातलं चौथ्या प्रकारचं कोलॅजन सदोष असतं. तेच कोलॅजन आतल्या कानात आणि डोळ्याच्या भिंगाच्या आवरणातही असतं. किडनी आणि बहिरेपण एकाच घरात चालत आल्याचं सेसिल अल्पोर्ट यांनी १९२७ मध्ये नोंदवलं होतं.

अल्पोर्टच्या मुलाला जन्मतः नीट ऐकू येतं. शाळेच्या वयात किंवा नंतर, दोन्ही कानांतून, बहुधा वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. घरचे म्हणतात, ‘लक्षच देत नाही.’ आयजीएमध्ये कानाला काही होत नाही, म्हणून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्यावीच.

खरी माहिती मात्र आईच्या माहेरी मिळते. अल्पोर्टचा नेहमीचा प्रकार एक्स गुणसूत्रावरून येतो: आईच्या लघवीत फक्त थोडं रक्त, मामा मात्र तरुणपणीच डायलिसिसवर. ठाण्यात इथेच घोळ होतो. मामा वागळे इस्टेटला किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यात कामाला असेल, तर ‘मशीनच्या आवाजाने कान गेले’ हे उत्तर तयार असतं. ते खोटंच असतं असं नाही. गोंगाटानेही वरच्या पट्टीचेच आवाज आधी जातात. म्हणून नेमकं विचारावं: कंपनीत लागण्याआधीपासूनच कमी ऐकू येत होतं का? नात्यातल्या लग्नांत आणखी एक प्रकार दिसू शकतो. त्यात आई-बाप दोघांकडून दोष येतो आणि मुलीलाही मुलाइतकाच त्रास होतो.

बायोप्सीत आयजीए विशिष्ट रंगद्रव्याने चमकून दिसतं. अल्पोर्ट साध्या मायक्रोस्कोपखाली सुरुवातीला निसटू शकतो. त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो, किंवा रक्तावरची जनुकीय चाचणी.

रामिप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी दोन्हींत देतात. स्टेरॉइड आयजीएच्या काही रुग्णांना उपयोगी पडतं, अल्पोर्टला नाही. प्रत्यारोपण केलेल्या किडनीत आयजीए परतू शकतो, अल्पोर्ट परतत नाही. क्वचित शरीर नव्या किडनीतल्या कोलॅजनविरुद्ध उठतं, एवढंच. किडनी द्यायला बहुधा आईच पुढे होते. अल्पोर्ट असेल तर तिचीही लघवी, कान आणि जनुकं आधी तपासावी लागतात, कारण दोष तिच्याकडूनच आलेला असू शकतो आणि उरलेल्या एका किडनीवर पुढे तिलाच निभवायचं असतं.