मॅग्ना कार्टावर राजाची सही नाही, आणि ती रयतेसाठीही नव्हती

१२१५ साली इंग्लंडच्या जॉन राजाने मॅग्ना कार्टा या हक्कांच्या सनदेवर सही केली आणि सामान्य माणसाला हक्क मिळाले, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. हे खरं नाही.

सही तर नाहीच. चामड्यावर कारकुनांनी दाटीवाटीने लिहिलेला लॅटिन मजकूर आणि त्याला लटकवलेली राजाची मेणाची मोहर, एवढंच.

आता कलम ३९ नीट वाचा. कायद्याशिवाय कैद नाही, जप्ती नाही. पण कुणाला? ‘स्वतंत्र माणसाला’. जमीनदाराच्या शेताशी बांधलेली, वेठ करणारी कुळं, म्हणजे रयतेतला फार मोठा हिस्सा, त्यात बसतच नव्हता. कलम १२ प्रमाणे काही करांना राज्याची संमती लागे. ती द्यायची सरदारांनी आणि बिशपांनी. शिवाय अडीच महिन्यांत पोपने सनदच रद्द ठरवली.

ती पुढे पुन्हा जारी झाली. पण मला खरी मोलाची वाटते ती १३५४ सालची दुरुस्ती: ‘स्वतंत्र माणूस’ जाऊन ‘कोणत्याही दर्जाचा माणूस’ आला. आपल्या संविधानाचं जीवित आणि स्वातंत्र्य जपणारं कलम २१ सुद्धा ‘कोणत्याही व्यक्तीस’ असंच म्हणतं, फक्त ‘नागरिकास’ नाही.