ज्याचा बाण, त्याची वाटणी

कर्वे रस्त्यावर एका जिमबाहेर फलक दिसला: 'आदिमानवासारखं खा!' खाली प्रोटीन पावडरीचा डबा. आदिमानव काय खायचा ते राहू द्या, मिळालेलं मांस तो वाटून कसं घ्यायचा, यात खरी गंमत आहे.

आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटात शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या कुंग लोकांत शिकारीवर हक्क नेम धरणाऱ्याचा नसायचा, बाणाच्या मालकाचा असायचा. बाण उसने दिले-घेतले जायचे, त्यामुळे मांस वाटायचा मान कधीकधी घरी बसलेल्या म्हाताऱ्याला मिळायचा. मोठं जनावर मारणाऱ्याला तर टोमणेच खावे लागायचे. असली मरतुकडी हाडं उचलायला आम्हाला बोलावलंस का, असे. १९६०च्या दशकात रिचर्ड ली या मानववंशशास्त्रज्ञाने हे टिपलं. कुणी शेफारू नये, हा हेतू.

पण मुळात वाटायचं कशाला? आपल्या भिशीसारखाच हिशेब आहे, फक्त चिठ्ठी रान काढतं. समजा, एकट्याला शिकार मिळायची शक्यता रोज १० टक्के. मग आठवडाभर काहीच न मिळण्याची शक्यता ०.९ चा सातवा घात, म्हणजे ४८ टक्के. पाच जण आपापले फिरले आणि मिळेल ते वाटून खाल्लं, तर ०.९ चा पस्तिसावा घात: जेमतेम २.५ टक्के! माणशी सरासरी मांस तेवढंच राहतं. प्रमाण विचलन (वाट्यातला चढउतार) मात्र पाचाच्या वर्गमुळाइतक्या, म्हणजे सव्वादोन पटींनी घटतं. पोटाला सरासरी कळत नाही, उपास कळतो.

जास्तीची शिकार वाटूनच जाणार असेल, तर ऊर फुटेस्तोवर मारत सुटायचं कारणही उरत नाही. पण म्हणून 'प्राचीन माणूस जन्मजात निसर्गरक्षक' हे फॉरवर्ड खरं मानू नका. माओरींचे पूर्वज तेराव्या शतकात न्यूझीलंडला पोचले आणि दोनेकशे वर्षांत तिथले महाकाय मोआ पक्षी संपले.

संयम टिकायला आपापली हद्द ठरलेली लागते. पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी १९८३ साली पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींबद्दल हेच मांडलं. फासेपारधी फास लावून काळवीट, तितर धरत. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदरामागे जात. वैदू सापळ्यात मुंगूस, उदमांजर पकडत. माळ एकच, सावज वेगळं. आपलं सावज दुसरा नेणार नाही ही खात्री असली, की उद्यासाठी राखण्यात अर्थ असतो. (हे जातिव्यवस्थेचं समर्थन नव्हे, तिची किंमत पारध्यांनाच विचारा.)

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आणली. काळविटांची माळरानं मात्र त्यानंतरही उसाखाली जात राहिली.