झाड काढलं तर भिंत पडेल

जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवला की घरातली वडीलधारी माणसं धास्तावतात. वरून कितीही छाटा, पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा फुटतोच. कंबोडियात अंगकोर या ख्मेर राजांच्या जुन्या राजधानीतल्या ता प्रोह्ममध्ये हेच काही शतकं बिनबोभाट चालू राहिलं, आणि आज ते बघायला जगभरातून लोक येतात.

ता प्रोह्म हा मुळात बौद्ध विहार. ख्मेर राजा सातव्या जयवर्मनने तो ११८६ मध्ये आईच्या नावे उभारला, प्रज्ञापारमिता या प्रज्ञेच्या बौद्ध देवतेची मूर्ती तिच्या रूपात घडवली आणि नाव ठेवलं राजविहार. इथल्या संस्कृत शिलालेखात हिशेब अगदी कारकुनी थाटात मांडलाय : आवारात राहणारे १२,६४० लोक, ६१५ नर्तकी, सेवेला लावलेली ३,१४० गावं. राजेलोकांचे शिलालेख काही विनयासाठी प्रसिद्ध नसतात, त्यामुळे आकडे जपूनच घ्यावेत. पण २०१२ मध्ये हेलिकॉप्टरमधून लायडार पाहणी झाली. लेसरचे काही किरण पानांच्या फटींतून थेट जमिनीपर्यंत पोचतात, आणि त्यांवरून रान वगळून नुसत्या जमिनीचा नकाशा काढता येतो. त्यात विहाराच्या तटाआत ओळीने आखलेले उंचवटे आणि तळी दिसली. म्हणजे इथे वस्ती होती खरी. लाकडी घरं कुजून गेली, खालची भर शिल्लक राहिली.

आता झाडं. त्यातलं एक वडाच्या कुळातलं. पक्ष्याच्या विष्ठेतून बी छपराच्या सांध्यात पडतं. तिथे माती जेमतेम, म्हणून रोप बारीक मुळं भिंतीवरून खाली सोडतं. मूळ एकदा जमिनीला टेकलं की चित्र पालटतं : भरपूर पाणी मिळतं, मूळ फुगत जातं, आणि दोन मुळं एकमेकांना भिडली की तिथे जुळून एकच होतात. अशाने दगडाभोवती जाळी विणली जाते. एका ठिकाणी या मुळांच्या फटीतून कोरलेल्या देवतेचा फक्त चेहरा बाहेर डोकावतो. दुसरं झाड टेट्रामेलिस न्यूडिफ्लोरा, जे आपल्या पश्चिम घाटातही आढळतं. भिंतींवरून ओघळलेली ती अजस्र, फिकट मुळं बहुतेक याचीच.

ख्मेर गवंड्यांनी वालुकाश्माचे चिरे चुन्याशिवाय एकावर एक बसवले. छतही खऱ्या कमानीचं नाही. प्रत्येक थर थोडा पुढे सरकवत दोन्ही बाजू वर जुळवलेल्या. सगळा डोलारा वजनावर तोललेला. मूळ सांध्यात शिरून जाड झालं की चिरे सरकतात, पण सरकलेल्या चिऱ्यांना तेच मूळ धरूनही ठेवतं. झाड मेलं तर मूळ कुजतं, तिथे पोकळी होते आणि भिंत ढासळते. जिवंत असलं तरी वादळात खोड हललं की मुळं पहारीसारखी दगड उचकटतात.

रान पूर्ण साफ करणं हाही उपाय नाही. जवळच्या ता केओ मंदिराभोवतीचं जंगल शंभरेक वर्षांपूर्वी काढलं गेलं. पुढे फ्रेंच भूरूपशास्त्रज्ञांनी जुनी छायाचित्रं आणि आजचं कोरीवकाम ताडून पाहिलं, तर सावली गेल्यावर दगडाची झीज वाढलेली आढळली. कडक ऊन आणि मुसळधार पाऊस आलटून पालटून बसला की वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात. झाडांच्या छत्रीखाली हा मारा बराच कमी होतो.

ता प्रोह्मच्या दुरुस्तीत गेली दोन दशकं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग आहे. याच विभागाने १९८६ ते १९९३ दरम्यान अंगकोर वाट या तिथल्या प्रसिद्ध मंदिराची रसायनं वापरून साफसफाई केली होती आणि त्यावर बरीच टीका झाली होती. ता प्रोह्ममध्ये वृक्षतज्ज्ञही सोबत घेतले गेले, ते बरं झालं. आता निर्णय झाडागणिक होतो : एखाद्या मुळाला लोखंडी टेकू, एखाद्या फांदीची छाटणी, आणि पोखरलेलं झाड पडायच्या बेतात असेल तर आधी भिंतीला आधार, मगच करवत.